कावळा बघायला बाहेर कोण गेलं? लायगो-इंडियाच्या शास्त्रज्ञांना खुले पत्र

प्रति,
लायगो-इंडिया प्रकल्पातील शास्त्रज्ञ मंडळी,
औंढा नागनाथ, जि. हिंगोली

मी तुमच्याच जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. एप्रिल २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या तुमच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, २,६०० कोटींचा आकडा पेपरात आला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पहिली चर्चा झाली ती औंढ्याकडच्या जमिनींच्या भावाची. मग कोणीतरी विचारलं, आपलाच जिल्हा का निवडला? कारण कळल्यावर हसू आलं. इथे मोठे कारखाने नाहीत, जड वाहनांची वर्दळ कमी, म्हणून जमीन शांत. आमच्या मागासलेपणाची एवढी किंमत आजवर कोणी केली नव्हती.

तुमच्या क्षेत्रातली एक गोष्ट मला फार आवडते. २०१७चा उन्हाळा, अमेरिकेतली हॅनफर्डची लायगो वेधशाळा. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपणारं यंत्र, आणि त्याच्या नोंदींत मधूनच टकटक. शोध घेता घेता लोक बाहेर आले, तर थंड नळीवर साचलेल्या बर्फावर चोचींच्या खुणा. डोमकावळे भर उन्हाळ्यात बर्फ टोचत होते. टकटक यंत्राने पकडली, पण कावळा कोणाला तरी बाहेर जाऊन डोळ्यांनीच बघावा लागला.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली. गुरुत्वीय लहरी मुलांना कळल्या नाहीत, कळायचं वयही नाही. कावळा मात्र लगेच कळला. खडे टाकून पाणी वर आणणारा त्यांना ओळखीचा, बर्फ खाणारा नवा.

आता माझी गोष्ट, म्हणजे माझी चूक. मृग लागला की आमच्या मुलांच्या घरी पेरणीची धांदल असते. एका वर्षी मी वर्गातही पेरणी केली. चहाच्या कागदी कपांत काळी माती घातली, काहींत सोयाबीन, काहींत तूर लावली. आठवड्यानंतर एक मुलगा कपात नाक खुपसून म्हणाला, “मॅडम, सोयाबीननं डाळ डोक्यावर घेतली. तुरीची खालीच ऱ्हायली.”

मी जाऊन बघितलं. खरंच. सोयाबीन मान वाकवून मातीबाहेर येतं, मग ताठ होऊन दोन्ही डाळी वर उचलतं. तुरीचा नुसता कोंब वर येतो, डाळ मातीतच राहते. मी शेतकऱ्याची मुलगी, डी.एड. झालेली, आणि जन्मभर दोन्ही पिकं बघूनही मला हे दिसलं नव्हतं. आनंदाच्या भरात मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘बीजपत्र’ लिहिलं आणि तीनदा म्हणवून घेतलं. शब्द पाठ झाला. त्यानंतर कपांकडे कोणी फिरकलं नाही.

पुढच्या वर्षी मी खडू हातात घेतला नाही. फक्त विचारत राहिले, “अजून काय दिसलं?” एका मुलीने तूर उकरून तिची डाळ खाली कुठे आहे ते शोधलं. मूग कुणासारखा, यावर दोघांची भांडणापर्यंत मजल गेली, तेव्हा मूगही पेरला. तो सोयाबीनच्या बाजूचा निघाला. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, ही बातमी एका मुलीने घरून आणली, तीही त्याच महिन्यात. हळदीच्या जिल्ह्यात राहून ती आम्हाला सहा वर्षांच्या पोरीने सांगावी!

तुमच्याकडूनही एक युक्ती घेतली. १४ सप्टेंबर २०१५ला पहिली गुरुत्वीय लहर आली, ती लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांनी सात मिलिसेकंदांच्या फरकाने टिपली, म्हणून तुमचा विश्वास बसला. एकाच यंत्रावर विसंबलं तर दारातला ट्रकही फसवू शकतो. मी मुलांना जोडीने बसवते. दोघांनी एकाच कपाचं चित्र काढायचं, पण एकमेकांकडे पाठ करून. चित्रं जुळली तर ठीक, नाहीतर परत कपाकडे. कोणाचं चुकलं हे मी सांगत नाही. सांगायचा मोह होतो, खोटं कशाला बोलू.

यात नवं काही नाही, हे मला ठाऊक आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची महाग साधनं परवडणार नव्हती, तेव्हा त्यांनी खडे, शिंपले, पानं, बिया यांनाच साधन केलं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानला, म्हणजे अंगणवाडी आणि माझा वर्ग आता एकाच माळेत. कागदावर सगळं आहे. पण पूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे विज्ञानाची पेटी आली, ती मुलं सामान मोडतील म्हणून कपाटात कुलूपबंद राहिली. अंगणवाडीच्या ताईंना वजनं, आहार आणि नोंदी यांतून मान वर करायला फुरसत नसते.

तुमच्या प्रकल्पात पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था आहे. तिच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. पण सेनगावच्या पोराला पुणं लांब. औंढा जवळ आहे.

उद्या तुमच्याकडे दहावी-बारावीच्या सहली येतील, कृष्णविवरांची चित्रं लागतील. लागू द्या. माझं म्हणणं एवढंच की त्याआधी चार ते सात वर्षांच्या मुलांत येऊन बसा. अंगणवाडीच्या ताई आणि आम्ही शिक्षक यांना एक दिवस द्या आणि नोंद कशी ठेवता, आपलीच नोंद कशी तपासता, एवढं दाखवा. मुलांसमोर भाषण नको. फसलात कुठे, ते सांगा. उत्तर माहीत असूनही गप्प कसं बसायचं, हेही आम्हाला शिकवा, कारण आम्हा मास्तर मंडळींना तेच जमत नाही.

यायचं कधी, तर भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते त्या शून्य सावलीच्या दिवसाचं आमंत्रण देता येत नाही. आमच्याकडे तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुट्टीत येतो, आणि जुलैअखेरचा ढगांत जातो. म्हणून जूनअखेरीस या, पेरणीनंतर आठेक दिवसांनी. तेव्हा कपांत कोंब आलेले असतात.

येताना खाऊ आणू नका, भिंगं आणा. वर्गात बावीस मुलं आहेत आणि भिंग एकच आहे.

आपली,
पहिलीची एक शिक्षिका
ता. सेनगाव, जि. हिंगोली