भाड्याचा समुद्र

आमच्या नामपुरास समुद्र नाहीं. मोसम नदी आहे. परंतु हरणबारीच्या धरणांतून आवर्तन सुटलें म्हणजे ती नदी, एरव्हीं बव्हंशीं वाळू. असें असतां गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या गांवच्या व आसपासच्या सुशिक्षित कुटुंबांतील तरुणांस सागरविहाराचें जें वेड लागलें आहे, त्याचा विचार करणें आतां प्राप्त झालें आहे. कोणाचा वाढदिवस असो, कोणास परीक्षेंत यश मिळालेलें असो, कीं कोणाची लग्नापूर्वींची शेवटची मित्रमंडळींची बैठक असो. आठ-दहा जणांनीं वर्गणी काढावी, रात्रीं मोटारींत बसावें, पहाटे कसारा घाट उतरावा, मुंबईस अपोलो बंदरावर एका पांढऱ्याशुभ्र खासगी यॉटवर पाऊल ठेवावें, आणि तासाच्या हिशेबानें भाडें मोजून दिवसभर बंदरांत फिरावें, असा हा कार्यक्रम असतो. दुसऱ्या दिवशीं गांवांत छायाचित्रें येतात, आणि ज्यांस जातां आलें नाहीं ते तीं पाहत बसतात.

या प्रघातावर आजवर जी टीका आमच्या कानीं आली ती दोन जातींची आहे, आणि स्पष्टच सांगावयाचें तर दोन्ही आम्हांस मान्य नाहींत. पहिली टीका ओट्यावरची. 'बापानें कांद्यावर कमावलें, पोरानें पाण्यांत घातलें,' असें म्हणून आमचे वयोवृद्ध शेजारी सुपारी कातरूं लागतात. परंतु हेच गृहस्थ घरच्या लग्नांत हजारों पानें उठवितात, वरातीपुढें कानठळ्या बसविणारीं यंत्रें मध्यरात्रीपर्यंत वाजवितात, आणि त्यासाठीं काढलेलें कर्ज पुढील दोन हंगामांच्या पिकावर फेडीत बसतात. यांच्या तोंडीं काटकसरीचा उपदेश शोभत नाहीं. आठ मित्रांनीं आपापल्या मिळकतींतून एक दिवस मौजेंत घालविला, तर त्यांत अधर्म कोणता? खर्चाचा मुद्दा आम्ही येथेंच सोडून देतों.

दुसरी टीका अधिक भारदस्त, म्हणून अधिक घातक आहे. 'आपण देशावरचीं माणसें. समुद्राशीं आपला संबंध काय?' असा प्रश्न आमचे कांहीं व्यवसायबंधूच विचारतात. एके काळीं हाच प्रश्न धर्माच्या भाषेंत विचारला जात असे. समुद्रयान कलिवर्ज्य ठरवून आम्हीं किनाऱ्यालाच कुंपण घातलें होतें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस जाण्यास निघाल्या तेव्हां त्यांना काय काय ऐकून घ्यावें लागलें, हें सर्वश्रुत आहे. १८९१ सालीं मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले, तेव्हां ज्ञातीच्या समाधानासाठीं त्यांच्या वडील बंधूंनीं त्यांस राजकोटास नेण्यापूर्वीं आमच्या नाशिकास आणून नदींत स्नान करावयास लाविलें. खाऱ्या पाण्याचा विटाळ गोड्या पाण्यानें धुण्याची सोय आमच्याच जिल्ह्यांत होती, याचा अभिमान धरावा कीं कसें, हें वाचकांनींच ठरवावें. आतां शास्त्राधार गेला, परंतु वृत्ति तीच राहिली आहे.

वस्तुतः बागलाणाचें व समुद्राचें नातें कधींच तुटलेलें नव्हतें. सुरतेच्या बंदरीं उतरलेला माल दख्खनेंत जाण्याची एक वाट याच मुलखांतून होती. १६७० सालीं शिवाजीमहाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परतले तेही बागलाणांतूनच. आणि साल्हेर-मुल्हेरचें महत्त्व त्या वाटेवांचून ध्यानांत येत नाहीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्या यादींत आमच्या तालुक्यांतील साल्हेर आहे, आणि मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रांत उभा असलेला खांदेरीही आहे. १६७९ सालीं महाराजांनीं खांदेरीस तटबंदी घालण्यास आरंभ करतांच इंग्रज व सिद्दी दोघेही धांवून आले. डोंगरांतल्या राजास पाण्यांतला एवढासा खडक कशास हवा, हें त्या दोघांस अचूक कळलें होतें. तें आमच्या पदवीधरांस आज कळूं नये, याचें नवल वाटतें.

आणि हा केवळ इतिहास नव्हे. नामपूरच्या बाजारसमितींत उतरणारा उन्हाळी कांदा परदेशीं जातो तो कोठून? मुंबई बंदराच्या पलीकडच्या कांठावरील न्हावा-शेव्याहून. १९८९ सालीं सुरू झालेल्या त्या बंदरावर कांद्याचे कंटेनर जहाजावर चढतात किंवा चढत नाहींत, यावर आमच्या गांवांतील कित्येक घरांची शाळेची फी, लग्नाची तीथ आणि दवाखान्याचें बिल अवलंबून असतें. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्यावर चाळीस टक्के निर्यात-शुल्क बसलें; डिसेंबरांत निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. शुल्काचा शेवटचा अवशेष एप्रिल २०२५ मध्यें गेला. त्या काळांत आमच्या ओट्याओट्यावर दिल्लीची चर्चा झाली, लासलगांवची झाली. बंदराचा विचार मात्र कोणाच्या डोक्यांत शिरला नाहीं.

तेव्हां समुद्रावर जाऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आमची तक्रार अगदीं उलट आहे. हे तरुण समुद्रावर जातातच कोठें?

गतवर्षीं कांहीं माजी विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून आम्हीही अशा एका नौकेवर एक दिवस काढला, म्हणून हें ऐकीव माहितीवर लिहीत नाहीं. नौका सुटली तशी मंडळी समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. हा अलंकार नव्हे, शब्दशः खरी गोष्ट आहे. कारण छायाचित्रांत आपल्यामागें समुद्र यावयाचा, तर आपली पाठ त्याच्याकडे असलीच पाहिजे. हा क्रम सायंकाळपर्यंत चालला. मध्यें संगीत होतें, तें इतक्या मोठ्यानें कीं पाण्याचा आवाज कसा असतो हें कोणास कळलें नसावें. घारापुरी बेट उजव्या हातास आलें. तेथील लेणीं १९८७ पासून जागतिक वारशांत आहेत, आणि त्याच बेटावरील वस्तीस समुद्राखालून तार टाकून कायमची वीज मिळण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. मुंबईचे दिवे समोर दिसत असतां सत्तर वर्षें अंधारांत काढलेलीं हीं माणसें! कोणीं विचारलें नाहीं. त्यापलीकडे न्हावा-शेव्याच्या प्रचंड याऱ्या आकाशांत मान वर करून उभ्या होत्या. आम्हीं एकास विचारलें, 'तें काय आहे?' त्यानें क्षणभर पाहिलें आणि म्हटलें, 'कांहीं बांधकाम चाललें असेल, सर.' या मुलाच्या मळ्यांत कांद्याच्या दोन चाळी आहेत.

नौकेवर तांडेल होता, वयानें पन्नाशीचा, जातीचा कोळी. भरती केव्हां लागते, ओहोटींत कोणता खडक उघडा पडतो, नारळी पौर्णिमेपूर्वीं समुद्राचा रंग कसा असतो, हें त्यास पोथीवांचून ठाऊक होतें. दिवसभरांत त्याच्याशीं तीन वाक्यें बोललीं गेलीं: नौका जरा थांबवा, जरा वळवा, आणि आमचा सर्वांचा एक फोटो काढा. त्याचें नांव कोणीं विचारलें नाहीं. उलट त्यानेंच आम्हांस आमचें गांव विचारलें, व नामपूर म्हणतांच 'कांद्याचें ना?' असें म्हणाला. त्यास आमचा डोंगरी मुलूख ठाऊक होता.

जीवरक्षक जाकिटें होतीं. परंतु तीं बैठकीखालच्या पेटींत, आणि पेटीवर शीतपेयांचा बर्फ. नौका भाड्यानें देणाऱ्या मंडळीचें नांव येथें घेण्याचें कारण नाहीं, कारण जाकिटें मागून घेतलीं नाहींत तीं आमच्याच शिष्यांनीं. तीं घातलीं असतां पोशाख दिसत नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच पाण्यांत, याच घारापुरीच्या वाटेवर, नौदलाची एक वेगवान नौका 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळून पंधरा माणसें मेलीं. त्यापूर्वीं १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसास निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक उतारू बुडाले. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आलें होतें. गिरगांव-परळच्या कित्येक चाळींतून त्या दिवशीं रडारड झाली. ज्या समाजानें 'रामदास' सोसली, त्याच्या मुलांनीं जाकीट पेटींत ठेवून त्यावर बर्फ रचावा, हें आम्हांस पैशाच्या उधळपट्टीहून शतपट गंभीर वाटतें.

या नौकेचें नांवच पहा. यॉट हा शब्द मूळ डच, त्याचा अर्थ पाठलाग किंवा शिकार; चोरांचा माग काढणारी चपळ नाव ती यॉट. १६६० सालीं इंग्लंडचा दुसरा चार्ल्स गादीवर आला तेव्हां ॲमस्टरडॅमकरांनीं त्यास अशी एक नौका भेट दिली, आणि तेव्हांपासून राजेरजवाड्यांस हा छंद जडला. पुढच्याच वर्षीं याच राजाच्या विवाहाच्या करारांत पोर्तुगीजांनीं त्यास मुंबई आंदण दिली. म्हणजे यॉट आणि मुंबई हीं दोन्ही एकाच चैनी राजाच्या घरीं लागोपाठ आलेलीं नजराणीं होत! मुंबईचा यॉट क्लब १८४६ चा. राणीच्या कृपेनें 'रॉयल' झालेल्या त्या संस्थेंत स्वातंत्र्य येईपर्यंत हिंदी मनुष्यास सभासद म्हणून प्रवेश नव्हता. परंतु त्या गोऱ्या साहेबांविषयीं एवढें म्हटलेंच पाहिजे कीं, ते शीड स्वतः चढवीत, सुकाणू स्वतः धरीत, व वारा फिरला तर स्वतः भिजत. आम्हीं त्यांची पांढरी विजार तेवढी उचलली.

आतां मित्रप्रेमाविषयीं. 'मित्रांसमवेत एक दिवस' हें या कार्यक्रमाचें ब्रीद आहे. वर्गणी डोक्यामागें समान पडते, मिळकत तशी पडत नाहीं. दहांच्या मेळ्यांत दोघे असे असतातच कीं ज्यांस हा आकडा झेपत नाहीं. त्यांतला एक उसनवारी करून येतो व सारा दिवस हसण्याचें काम करतो. दुसऱ्याची आई त्याच दिवशीं आजारी पडते. आम्हांस अध्यापनाच्या तीस वर्षांत पुष्कळ आया अशा सोयीस्कर दिवशीं आजारी पडलेल्या ठाऊक आहेत. पूर्वीं मित्र मोसमच्या डोहांत पोहावयास जात, तेथें वर्गणी नव्हती. डोह आतां राहिले नाहींत हें खरें; परंतु ज्या मौजेचें प्रवेशद्वार मित्रांतल्या सर्वांत दुबळ्यास बाहेर ठेवतें, तिला मैत्रीचें नांव देऊं नये, सरळ सहल म्हणावें.

यावर आम्हांस ठरलेलें उत्तर मिळतें. 'सर, आम्ही वर्षभर राबतों. एक दिवस डोकें बाजूस ठेवावयाचें, तर त्यांतही तुम्ही भूगोल विचारणार!' विश्रांतीचा हक्क आम्हांस मान्य आहे. परंतु जिज्ञासा हें राबणें आहे, ही कल्पना या मुलांस कोणीं शिकविली? दिलीप दोंदे या नौदलाच्या अधिकाऱ्यानें १९ ऑगस्ट २००९ रोजीं 'म्हादेई' नांवाची शिडाची नौका एकट्यानें हांकारली आणि १९ मे २०१० रोजीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असें करणारा तो पहिला भारतीय. त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजीं मुंबईहून निघाले आणि कोठेंही न थांबतां पुढील वसंतांत परत आले. तिच्याच बांधणीच्या 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्यें सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं, व २०२४-२५ मध्यें दोघींनींच, तोच फेरा पुरा केला. या दोन्ही नौका गोव्यांत, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यांत तयार झाल्या. त्यांची लांबी छप्पन फूट. म्हणजे आमचे तरुण ज्यांवर थंड पेयें पितात त्या मोठ्या भाडोत्री यॉटींएवढीच. 'म्हादेई'चें नांव आम्हीं त्या दिवशीं नौकेवर काढलें, तेव्हां एकानें ती गोव्याची नदी ना, असें विचारलें. तें बरोबर होतें, व त्यास तें भूगोलाच्या पुस्तकामुळें ठाऊक होतें. मग आमच्या पाठ्यपुस्तकांत नदी येते आणि नौका येत नाहीं, याचा दोष मुलांवर कसा टाकावा?

दोष आम्हां शिक्षकांकडेही येतो, तो येऊं द्या. देशावरच्या महाविद्यालयांच्या सहली वेरूळास जातात, शिर्डीस जातात, सापुताऱ्यास जातात. एखादी सहल न्हावा-शेव्यास, एखादी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनें, एखादी थळास कोळ्यांच्या वस्तींत जाण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. लाँचचें तिकीट यॉटच्या वर्गणीच्या पासंगासही पुरत नाहीं, आणि तींत आजारी आईचा मुलगाही बसूं शकतो. आमच्या विभागाच्या बैठकींत आम्हीं ही सूचना दोन वेळां मांडली. दोन्ही वेळां 'मुलांना त्यांत काय मजा येणार?' असें म्हणून ती पुढील वर्षावर ढकलण्यांत आली. येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं ती तिसऱ्यांदा मांडण्याचा आमचा विचार आहे, व तोंवर ज्या पालकांचीं मुलें अपोलो बंदराहून परत येतील त्यांस आमची एवढीच विनंती कीं, छायाचित्रें पाहण्यापूर्वीं मुलास तांडेलाचें नांव विचारावें.