आधी निदान, मग पान्हा

ट्रॅक्टर तापतो म्हणून गॅरेजला नेला, बिल चुकते केले आणि आठ दिवसांत काटा पुन्हा लाल पट्ट्यात गेला, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. पहिल्या खेपेला वॉटर पंप बदलतात, दुसऱ्या खेपेला रेडिएटर, तिसऱ्या खेपेला 'गॅसकेट गेलंय' म्हणून हेड खोलतात. पैसे तर जातातच, पण तोवर आलेला वाफसा निघून जातो. ते नुकसान कुठल्याच बिलात लिहिलेले नसते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. यात बराचसा खर्च दुरुस्तीचा नसून अंदाजाचा आहे. बैल चारा सोडतो तेव्हा डॉक्टर आधी विचारतात, रवंथ कधीपासून बंद आहे, शेण कसे पडते? सुई नंतर. इंजिनला मात्र आपण आधी सुई टोचतो.

पहिला प्रश्न हा की, तापते कधी? नांगरट किंवा रोटाव्हेटर चालू असतानाच तापते आणि रिकामे फिरवले की काटा खाली येतो, तर आधी हवा आणि पट्टा बघा. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो. पंखा हवा पुढून आत ओढतो, म्हणून जाळी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. इंजिन बंद करून फॅन बेल्ट अंगठ्याने दाबा. साधारण 12 ते 15 मिलिमीटर दबला तर बहुतेक इंजिनांना ठीक. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. पट्टा सैल असला तर नवा पंपही काय करणार?

हलक्या कामातही तापते, तर थर्मोस्टॅट आणि पंपाकडे वळा. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि पाणी तापवत न्या. त्यावर छापलेल्या अंशाला, बहुधा 82 च्या आसपास, तो उघडू लागला पाहिजे. 'काढूनच टाका, कटकट मिटेल,' असे काही मिस्तरी सांगतात. ते ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त जाते, झीज वाढते आणि खरा बिघाड झाकला जातो.

थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात, बाहेर गळती नसताना पाणी कमी होते, किंवा ऑइल दुधाळ दिसते, तर मात्र गॅसकेट किंवा हेडवर संशय घ्यावा. नुसते गॅसकेट बदलून भागत नाही. तापलेले हेड वाकते. त्याची पातळी सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासली का, तडा पाहिला का, बोल्ट ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्ह्याने आवळले का, हे विचारा. हे झाले नसेल तर नवे गॅसकेटही जाणार. दुरुस्तीनंतर पाणी घाईने भरले तर आत हवा अडकते आणि इंजिन पुन्हा तापते.

आता पाण्याचे बोलू. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातच नव्हे, इतरत्रही बोअरचे पाणी जड असते. ते रेडिएटरमध्ये घातले की ब्लॉकच्या आत क्षाराचा थर बसतो आणि थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. बाहेरून सारे नवे, आतून नळ्या बुजलेल्या! शुद्ध पाणी आणि कंपनीने सांगितल्या प्रमाणात कूलंट, हा खर्च हेडच्या कामापुढे किरकोळ आहे. रेडिएटरचे झाकणही तपासा. त्याच्या दाबामुळे पाणी 100 अंशांच्या वरही उकळत नाही. रबर गेले की तेच पाणी उतू जाते. गरम असताना झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. हात भाजतो, ब्लॉक तडकतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनाही सांगणे आहे. 2014-15 पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनुदानावर ट्रॅक्टर-अवजारे आली. गावात यंत्र आले, निदान आले नाही. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. तिथल्या शिक्षकांना बोलावून खरिपाआधी एक दिवस तपासणी शिबिर घ्या. गावाच्या अवजार बँकेत प्रत्येक ट्रॅक्टरची वही ठेवा: कधी तापला, कोणत्या कामात, पाणी किती घातले, कोणता भाग बदलला.

आणि मालकांनो, गॅरेजला चार गोष्टी बिनदिक्कत मागा. बिघाडाचे कारण लेखी, बदललेला जुना भाग परत, तपशीलवार बिल, आणि ताब्यात घेण्याआधी तासभर भार देऊन चाचणी. चांगला मिस्तरी याला नाही म्हणत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. जो चिडतो, त्याच्या हाती आपला हंगाम द्यायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.