किनाऱ्यावरून पाहिलेले गलबत

मराठी साहित्यात समुद्र विपुल आहे. समुद्रावर पोट भरणारा मालवाहू खलाशी मात्र विरळा आहे. कवीला लाट दिसली, क्षितिज दिसले, सांजवेळी परतणारे शीड दिसले. त्या शिडाखाली कौले होती की सरपण, भाडे सुटले की बुडाले, हा प्रश्न त्याला क्वचितच पडला. इतिहासलेखनाचे लक्षही आंग्र्यांच्या आरमारापलीकडे फारसे गेले नाही. तोफा वाहणाऱ्या गलबताला कीर्ती मिळाली. तांदूळ वाहणाऱ्याला जकातीच्या वहीतील एक ओळ.

हे दुर्लक्ष क्षम्य नाही. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ साली. त्याआधीच्या कित्येक पिढ्या या किनाऱ्याचा संसार पाण्यावरून चालला. खाड्याखाड्यांतून सरपण, नारळ, सुपारी मुंबईस जाई. परतताना धान्य, कापड, वाणसामान येई. मंगळुरास बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यावर ती कौलेही शिडांच्या जहाजांतूनच मुंबईस पोचली. ज्या छपरांखाली या शहराचा कामगार निजला, ती छपरे वाऱ्याने वाहून आणलेली होती.

या व्यवसायाला वाऱ्याच्या स्वाधीन झालेले स्वच्छंद आयुष्य समजणे ही किनाऱ्यावरच्या माणसाची चैन आहे. पहाटेचा मतलई वारा, दुपारनंतरचा खारा वारा आणि तिथीनुसार सरकणारी भरती यांची सांगड घालून तांडेल मार्ग आखीत असे. जड माल तळाशी कसा रचावा, खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा टाळून आत केव्हा शिरावे, यांत चूक झाली तर माल जाई, प्रसंगी माणसेही जात. पावसाळ्यात जहाजे ओढून शाकारली जात. नारळी पौर्णिमा होईपर्यंत समुद्राचे दार बंद असे.

यावर ठरलेले उत्तर असे, की यंत्राने शीड उतरविले, हा काळाचा न्याय आहे. त्याचा शोक कशाला? शोकाची मागणी येथे नाहीच. यंत्राने खलाशाचे कष्ट कमी झाले असतील, तर ते इष्टच झाले. परंतु कष्ट संपणे आणि त्या कष्टांतून घडलेली भाषा संपणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने शिडांच्या जहाजांना स्वतंत्र भाग दिला. यंत्र बसविलेले असले तरी केवळ शिडांवर चालण्याइतके शीड असलेले जहाज त्याने शिडाचेच मानले. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात गलबत आणि मचवा यांना जागा आहे. कायदेपंडिताने आणि परदेशी कोशकाराने जे पाहिले, ते मराठी लेखकाने पाहू नये काय?

दोरांची, शिडांची, वाऱ्यांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत, अशी वृद्ध माणसे बंदरोबंदरी विरळ होत आहेत. त्यांच्यावर कविता रचण्यापूर्वी त्यांचे शब्द लिहून घ्यावेत. ते काम वाङ्मयाचेच आहे, आणि त्याला मुदत आहे.