फाटकावरचा डोळा

आमच्या सोसायटीच्या फाटकावर कॅमेरे बसवायचा ठराव आलाय. माझा विरोध कॅमेऱ्याला नाही, बिननियमाच्या कॅमेऱ्याला आहे. तोंडाला रुमाल बांधून आलेल्या चोराचं कॅमेरा नुसतं चित्रण करतो; त्याला अडवतो तो वॉचमन. आणि रात्रपाळीचा वॉचमन कमी करूनच म्हणे हा खर्च भागवायचा! वर धुणंभांडी करणाऱ्या बायका किती वाजता आल्या, कुणाच्या मुलीला कोण सोडायला आलं, हे सगळं सेक्रेटरींच्या मोबाइलवर. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो काय चपलांसारखा फाटकाशी काढून ठेवायचा? चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे आधी ठरावात लिहा. मग खुशाल बसवा.