मार्गदर्शिकेचा पहिला वाचक

सीबीडी बेलापूर हे नावच मोठे बोलके आहे. खाडीकाठच्या एका जुन्या गावाच्या नावापुढे तीन इंग्रजी आद्याक्षरे बसली आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखलेला व्यापारी व प्रशासकीय विभाग त्याच नावाने रूढ झाला. कोकण भवन, सिडको भवन आणि नवी मुंबई महापालिकेचे मुख्यालय येथेच आहे. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सात जिल्ह्यांचे कागद कोकण भवनात येतात. राज्याची राजभाषा मराठी असल्याचे १९६४ च्या अधिनियमाने ठरले आहे. म्हणून टिपणी मराठीत, पत्रही मराठीत. ज्या संगणकावर ती लिहिली जाते तो कसा वापरावा हे सांगणारे पुस्तक मात्र बहुधा इंग्रजीत असते. लिपिक मग शेजारच्या मेजावरच्या सहकाऱ्याला विचारतो, सहकारी आपल्याला जमेल तेवढे सांगतो, आणि कार्यालयाचे ज्ञान असे कर्णोपकर्णी चालत राहते.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग मुक्तस्रोत चळवळीने दाखविला आहे. सन कंपनीने २००० मध्ये आपल्या कार्यालयीन प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांना खुली केली. तीतून ओपनऑफिस उभे राहिले. पुढे सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर अनेक कार्यकर्ते वेगळे झाले आणि सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ व ‘लिबरऑफिस’ यांची घोषणा केली. ही प्रणाली विनामूल्य मिळते, हे पुष्कळांना ठाऊक असते. तिची मार्गदर्शक पुस्तकेही प्रामुख्याने स्वयंसेवकच लिहितात, तपासतात आणि सुधारतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

हे काम दिसायला किरकोळ आणि करायला चिवट आहे. लिबरऑफिसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते. एखादी आज्ञा एका यादीतून दुसऱ्या यादीत जाते, चौकटीचे नाव बदलते, आणि कालपर्यंत अचूक असलेले प्रकरण आज वाचकाची दिशाभूल करू लागते. स्वयंसेवक एक प्रकरण उचलतो, त्यातील प्रत्येक पायरी यंत्रावर करून पाहतो, जुनी चित्रे काढून नवी घालतो. दुसरा ते तपासतो आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद मजकुरातच राहते. आज्ञावली लिहिणाऱ्याचे कौतुक होते. ‘या पानावरील तिसरी पायरी चुकली आहे’ असे सांगणाऱ्याचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत उरते. वाचकाचा खोळंबा टळतो तो मात्र त्याच्यामुळे.

येथेच मराठी वाचकाचा प्रश्न उभा राहतो. लिबरऑफिसमध्ये रोमन लिपीचा आणि देवनागरीचा टंक स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. अक्षररचनेच्या चौकटीत पाश्चात्त्य लिपीपुढे आकार वाढविला, तरी मराठी मजकूर तसाच राहतो. जटिल लिप्यांसाठी वेगळी नोंद करावी लागते. केवळ रोमन लिपीत लिहिणाऱ्या परीक्षकाला ही अडचण कधी येतच नाही. त्याच्या दृष्टीने ते पान निर्दोष असते. बेलापूरचा लिपिक मात्र त्याच पानावर अडतो आणि दोष आपलाच, असे समजून गप्प बसतो. मराठीत लिहिणाऱ्याने तपासल्याखेरीज ही चूक सापडणार नाही. जर्मन, स्पॅनिश अशा भाषांतील स्वयंसेवकांनी या पुस्तकांचे अनुवाद केले आहेत. मराठीत ती संपूर्ण माला अद्याप उभी राहिलेली नाही.

सुरुवात अगदीच झाली नाही, असे नाही. लिबरऑफिसच्या पडद्यावरील शब्दांचे मराठीकरण झाले आहे. केंद्र सरकारने २००५ पासून भारतीय भाषांतील संगणक साधनांच्या तबकड्या मोफत वाटल्या, त्यांत ओपनऑफिसही होते. पवईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातून लिबरऑफिसचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आणले. या प्रकल्पाची एक रीत अनुकरणीय आहे. पाठाची संहिता विषय न जाणणाऱ्या नवख्या माणसाकडून आधी तपासून घेतली जाते. तो जेथे अडखळतो तेथे संहिता सुधारायची, हा तिचा नियम. मार्गदर्शिकेचा पहिला परीक्षक तज्ज्ञ नसावा, अडणारा असावा, हे सूत्र येथे मान्य झाले आहे.

यावर कोणी म्हणेल की, जे सरकारचे काम ते फुकट राबणाऱ्यांच्या गळ्यात का घालावे? आक्षेप गैरलागू नाही. मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्ये जाहीर केले. त्या धोरणाबरोबर भारतीय भाषांतील पुस्तकांसाठी पैसाही यायला हवा, आणि अनुवादकाला मानधनही मिळायला हवे. परंतु पैशाने अनुवाद विकत घेता येतो, वापरणाऱ्याची नजर विकत घेता येत नाही. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश साहेबाच्या नावाने ओळखला जातो; पण शब्दांचे अर्थ पारखून देणाऱ्या मराठी शास्त्रीमंडळींवाचून तो सिद्ध झाला नसता. शासन व्यवहार कोशातील जडजंबाळ शब्द कार्यालयांत का रुजले नाहीत, याचे उत्तरही येथेच सापडेल. शब्द घडविणारे आणि ते वापरणारे यांची गाठच पडली नाही.

बेलापुरात ही गाठ घालून देणे अवघड नाही. या परिसरात सी-डॅकचे केंद्र आहे, महाविद्यालये आहेत, सरकारी कार्यालये आहेत, आणि तीस-तीस वर्षे टिपण्या लिहून निवृत्त झालेली माणसे आहेत. एका विद्यार्थ्याने एका प्रकरणाचे मराठी करावे, शिक्षकाने भाषा पाहावी आणि लिपिकाने ते पुढ्यात ठेवून खरोखरीचे पत्र तयार करावे. जेथे तो थांबेल तेथे खूण करावी. त्यासाठी समिती नको, उद्घाटनही नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनी साजरा केला. कोकण भवनातल्या लिपिकाला अक्षराचा आकार कसा वाढवावा हे त्याच भाषेत वाचायला मिळाले, तर त्या दर्जाचा उपयोग त्याच्या मेजापर्यंत पोहोचेल.