आवाजाला जागा हवी!

तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, त्या काळी मोठमोठ्या गायकांना आपली नाट्यपदे तेवढ्यातच आटोपावी लागत. जागेने कलेला कात्री लावली होती. आज रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक आणि नखाएवढे कार्ड घेऊन कोणीही विद्यार्थी रात्रभर ध्वनिमुद्रण करू शकतो. मग जागेचा प्रश्न सुटला काय? मुळीच नाही! कात्री आता आपल्या हाती आली आहे, आणि आपण ती नको तेथे चालवीत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्यातील नमनाचेच उदाहरण घेऊ. गण, गवळण, वग असा खेळ रात्रभर रंगतो. सीडीच्या दर्जाचे, दोन वाहिन्यांचे मुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा खाते. आठ तासांचे झाले पाच गिगाबाइट. परंतु साध्या ‘वेव्ह’ फाइलची मर्यादा चार गिगाबाइटची! एकच फाइल चालू ठेवून आपण निवांत बसलो, तर पावणेसात तासांनी, वग ऐन रंगात असताना, मुद्रण बंद पडण्याची भीती. आणि तेही कार्डावर जागा शिल्लक असताना.

यावर काही मित्र सोपा उपाय सांगतात : ‘एमपी३मध्ये घ्या.’ १२८ किलोबिटच्या एमपी३ला तासाला ५८ मेगाबाइटसुद्धा लागत नाहीत, हे खरे. पण ही बचत आवाजातलाच काही भाग टाकून केलेली असते, आणि टाकलेले परत मिळत नाही. मित्राला ऐकवायला ती प्रत उत्तम. उद्या संगमेश्वरी बोलीचे उच्चार तपासू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे मूळ म्हणून ती कशी ठेवणार?

काटकसर जरूर करावी, पण जेथे काही हरवत नाही तेथे. एकटी आजी ओवी गात असेल, तर दोन वाहिन्या हव्यात कशाला? एक वाहिनी घेतली की जागा निम्मी. नंतर ‘फ्लॅक’ पद्धतीने फाइल आवळावी. आवाजाचा कणही न गमावता ती पुष्कळ लहान होते. दर अर्ध्या तासाला नवी फाइल सुरू करावी. म्हणजे चार गिगाबाइटचे कुंपण आड येत नाही, आणि मध्येच वीज गेलीच तर धोका शेवटच्या तुकड्यापुरता. मुद्रणासाठी ड्राइव्हही वेगळी ठेवावी; संगणकाचे मूळ कार्ड काठोकाठ भरले, तर संगणकच अडून बसतो.

खरी कसोटी लागते ती पुसताना. जागा हवी म्हणून आपण आधी काय पुसतो? दोन गाण्यांमधले बोलणे! ‘हे माहेरचं, हे सासूबाईंकडून शिकले’ हे त्या बोलण्यातच असते. हेमा राईरकर आणि गी पॉईटवां यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमल्या. ध्वनिमुद्रण मात्र त्यांतील काही हजारांचेच झाले. २०१७पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात, आणि सोबत गाणाऱ्या बाईचे नाव नि गाव असते. नाव-गाव नसते, तर त्या ओव्या बेवारस ठरल्या असत्या.

म्हणून प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. येत्या शिमग्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाने दोन ड्राइव्ह घ्याव्यात, एक ग्रंथालयात आणि दुसरी विभागात. सोबत एक साधी नोंदवही असावी : तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव, त्याची संमती. दोन्ही ठिकाणी प्रत पोचून ती ऐकून पाहिल्याशिवाय कार्डावरचे काहीही पुसू नये. नवे कार्ड बाजारात केव्हाही मिळेल; ऐंशी वर्षांच्या आजीचा आवाज कोणत्या दुकानात मिळणार?