कॅमेरा कोठे उभा आहे?

कथा शिकवताना निवेदक कोण आहे याइतकाच तो कोठे उभा आहे, हा प्रश्न आपण विचारतो. माजघरातून सांगितलेली गोष्ट आणि ओसरीवरून सांगितलेली तीच गोष्ट एक नसते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही फार समजावून सांगावे लागत नाही. रस्त्यावरील कॅमेऱ्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कॅमेरा बसला म्हणजे सत्य दिसले, असे आपण गृहीत धरून चालतो. आमच्या मते ही वाचनातलीच चूक आहे. फरक इतकाच की तिचा दंड रोख भरावा लागतो.

2016 साली औरंगाबादची (2023 पासून छत्रपती संभाजीनगरची) स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. पुढे त्या योजनेतून शहरभर शेकडो कॅमेरे लागले. केंद्राची योजना मार्च 2025 मध्ये संपली, कॅमेरे राहिले. ते कोठे असावेत यावर कायदा अगदीच मुका नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 136-अ हे कलम आले आणि ऑगस्ट 2021 मध्ये त्याखालील 167-अ हा नियम. जास्त धोक्याचे व जास्त वर्दळीचे रस्ते, आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांतील महत्त्वाचे चौक ही कॅमेऱ्याची जागा, असे तो नियम म्हणतो. 2011 च्या जनगणनेत आमचे शहर पावणेबारा लाखांचे होते, तेव्हा ते या नियमात बसतेच. हा पट्टा निगराणीखाली आहे असे सांगणारी ठळक पाटी आधी लावली पाहिजे, आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत गेली पाहिजे, असेही त्यात आहे.

आता हा नियम घेऊन औरंगपुऱ्यात यावे. गुलमंडी, पैठण गेट आणि निराला बाजार यांच्या मधला हा भाग. महात्मा फुल्यांचा पुतळा, सरस्वती भुवन महाविद्यालय, जिल्हा परिषद, पुस्तकांची दुकाने, जून महिन्यात वह्यांसाठी पालकांची झुंबड. येथील वाहतूक रांगेत चालत नाही, ती पाझरते. हातगाडी, रिक्षा, दुचाकीवर तिघे, त्यांच्यामधून वाट काढणारी कॉलेजची मुले. जालना रोडवर क्रांती चौकात कॅमेऱ्याचे काम सोपे असते. रस्ता सरळ, सिग्नल स्पष्ट, थांब्याची रेषा (पुसली गेली नसेल तर) ठरलेली. लाल दिव्यात रेषा ओलांडली की वाक्य पूर्ण होते. औरंगपुऱ्यात तसे वाक्यच तयार होत नाही. दुचाकीस्वार उलट्या दिशेने दहा पावले आला, हे कॅमेऱ्याला दिसेल. तो का आला, म्हणजे पुढची गल्ली उभ्या वाहनांनी तुंबली होती की रस्ता खोदला होता, हे चौकटीबाहेर राहील. उलट येणे क्षम्य आहे असे आम्ही म्हणत नाही. चौकट कोणी आखली, एवढेच विचारतो.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घ्यावी. नंबरपाटी वाचणारा कॅमेरा अरुंद नजरेचा असतो. त्याला एखाददुसरी वाहनरांगच नीट दिसते, आणि कोन फार तिरका झाला की अक्षरे विस्कटतात. सगळा चौक पाहणारा कॅमेरा वेगळा. त्याला गर्दी दिसते, पाटी वाचता येत नाही. दंड होतो तो पहिल्याच्या साक्षीवर. म्हणून ज्याला क्रमांक आहे तोच या कथेतले पात्र ठरतो. पदपथ व्यापणाऱ्या दुकानाच्या पायरीला क्रमांक नसतो, रस्ता खोदून निघून गेलेल्या कंत्राटदाराला नसतो. आणि अंग चोरून रस्ता ओलांडणाऱ्या मुलीलाही नसतो.

या वाचकाची भाषाही एकच. कायद्याप्रमाणे पाटीवर रोमन अक्षरे व आंतरराष्ट्रीय अंकच हवेत. एमएच 20 नंतरचा मराठी आकडा आपल्याला वाचता येतो, पण तो नियमबाह्य. मराठी अंकांतील 214 ला किंचित वळण देऊन ‘राम’ लिहिणारे कलावंत आपल्याकडे पुष्कळ झाले. यंत्राने त्यांची श्लेषाची हौस मोडली, याचे आम्हांस फारसे दुःख नाही. असो.

कॅमेऱ्याचा विषय निघाला की आपल्या वर्तुळात लगेच ऑर्वेलची 1949 ची कादंबरी निघते, नाहीतर बेंथमचा वर्तुळाकार तुरुंग आणि त्यावरचे 1975 मधले फूकोचे विवेचन. ही उदाहरणे आम्हांस येथे आळशीपणाची वाटतात. बेंथमच्या कल्पनेत पहारेकरी दिसत नाही, म्हणून कैदी सतत स्वतःवरच पहारा ठेवतो. आमच्या शहरात उलटे घडते. खांब सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या अलीकडे हेल्मेट डोक्यावर येते आणि पलीकडे पुन्हा आरशाला लटकते. ज्या नजरेचे स्थान पाठ झाले ती नजर शिस्त लावीत नाही, फक्त त्या दहा मीटरांपुरती अभिनय करून घेते. मग उत्तर म्हणून कॅमेरे लपवावेत काय? मुळीच नाही. लपवलेला कॅमेरा दंड वाढवील, अपघात टाळणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये दिलेला आहे, तोही विसरून चालणार नाही.

हे दरवाज्यांचे शहर. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीला पुढे औरंगजेबाच्या काळात तट आला. पैठण दरवाजा पैठणकडे तोंड करून, दिल्ली दरवाजा दिल्लीकडे. पहारा कोठे आहे, हे प्रवाशाला दरवाज्याच्या नावावरूनच कळे. पहारेकऱ्याशी हुज्जतही घालता येत असे. कॅमेऱ्याशी ती घालता येत नाही, तीन-चार प्रलंबित ई-चलने घेऊन लोकअदालतीत उभे राहावे लागते.

तेव्हा मागणी एवढीच. कोणता कॅमेरा कोणत्या चौकात, कशासाठी आणि कोणत्या अपघातांच्या नोंदीवरून बसवला, ते वॉर्डनिहाय मराठीत जाहीर करावे. सूचनेची पाटी वाचता येईल अशा उंचीवर, जाहिरातींच्या फलकाआड नव्हे, अशी लावावी. औरंगपुऱ्यात पहिला कॅमेरा बसवायचा तर तो मुले रस्ता ओलांडतात त्या जागेकडे तोंड करून बसवावा, आणि त्याआधी तेथे पांढरे पट्टे रंगवावेत. पट्टेच नसतील, तर कोण कोणाच्या वाटेत आले हे कॅमेरा तरी कशावरून ठरवणार?